माझं नाटक चोरलं, तरी मला कोणाला आत टाकायचं नाहीये

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात काला, म्हणजे देवळाचा उत्सव, होता, माझा मित्र तिथला जावई, तो म्हणाला चल, रात्री पोरांचं नाटक आहे, जेवण पण आहे, फोंड्यात बसून काय करणार आहेस. गेलो. नाटक अकराला सुरू होणार होतं, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पावणेबाराला झालं. पडदा उघडला, पहिलं वाक्य कानावर आलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला, कारण ते वाक्य माझं होतं. दुसरंही माझं. मग लक्षात आलं की नाटकच माझं आहे, फक्त नाव बदललंय आणि हँडबिलवर 'लेखक-दिग्दर्शक' म्हणून भलत्याच माणसाचं नाव छापलंय.

मध्यंतरात विंगेत गेलो. प्रॉम्प्टर पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल, हातात झेरॉक्स. ती मी त्याच्याकडून बघायला घेतली. स्पर्धेसाठी कधीतरी दिलेल्या माझ्या संहितेची झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं उडालेली, पण तिसऱ्या पानावर माझ्या चहाच्या ग्लासाचा गोल डाग होता तो मात्र स्पष्ट आलेला, आणि समासात माझ्याच हातचं 'इथे घाई नको'. नावाचं पहिलं पान तेवढं गायब. मी त्याला विचारलं हे कोणी लिहिलंय माहितीये का, तर तो म्हणाला, "म्हाका खबर ना मास्तर, पुण नाटक बरें आसा न्ही?"

आता त्याला काय उत्तर देणार.

रात्री घरी येऊन झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कॉपीराइट कायदा उघडून बसलो. १९५७ चा कायदा, कलम ६३. जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला किंवा करायला मदत केली तर कमीत कमी ६ महिने आणि जास्तीत जास्त ३ वर्षं तुरुंग, वर ५० हजार ते २ लाख दंड. दुसऱ्यांदा सापडला तर कलम ६३ए, किमान शिक्षा १ वर्ष. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. डोळ्यासमोर तो लेखक-दिग्दर्शक पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेला दिसायला लागला.

मग संध्याकाळी एका वकील मित्राकडे गेलो, आणि त्याने माझी हवाच काढली. त्याने कलम ५२ काढलं. त्यात भंग कशाला म्हणायचं नाही त्याची मोठी यादी आहे आणि त्या यादीत एक पोटकलम असं आहे की हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर तो कॉपीराइटचा भंगच नाही. म्हणजे गोव्यातल्या देवळांसमोर वर्षभर जी शेकडो नाटकं होतात ना, त्यातली बहुतेक याच पोटकलमात बसतात. फुकट प्रयोग, हौशी पोरं, देवाचा उत्सव. वकील म्हणाला पैसे मागायचे तर विसर.

पण पुढचं त्याने सांगितलं ते ऐकून मी चाटच पडलो. नाव काढून टाकलं हा वेगळा मामला. कलम ५७ प्रमाणे 'हे मी लिहिलंय' असं म्हणायचा हक्क लेखकाचा स्वतःचा असतो, कॉपीराइट विकला तरी तो जात नाही. आणि कलम ६३ मध्ये नुसता कॉपीराइट नाहीये, या कायद्याने दिलेला इतर कुठलाही हक्क मोडला तरी (एका कलमाचा अपवाद सोडून) तीच शिक्षा लिहिलेली आहे. म्हणजे प्रयोगाला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, पण हँडबिलवर नाव चुकीचं छापलं म्हणून निदान युक्तिवाद तरी असा करता येतो की याला ६ महिने ते ३ वर्षं आत टाका. मी त्याला म्हटलं हे जरा अति होतंय रे, तर तो म्हणाला कायदा मी केलेला नाही, तुला तक्रार करायची असेल तर सांग, ड्राफ्ट करतो.

मी केली नाही. का केली नाही हा या लेखाचा विषय आहे. मन मोठं वगैरे काही नाही, मला राग अजूनही आहे.

आधी हे बघा की ही शिक्षा आली कुठून. मुळात कायद्यात जास्तीत जास्त १ वर्षाची कैद होती आणि किमान शिक्षा नव्हती. १९८४ मध्ये दुरुस्ती करून ती ३ वर्षांपर्यंत नेली आणि खाली ६ महिन्यांचा किमान आकडा घातला. तो काळ आठवा, टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर घराघरात येत होते, फुटपाथवर कॅसेटचे ढीग, कोणीतरी एका खोलीत मशिनं लावून रात्रभर कॉप्या काढतोय आणि सकाळी बाजारात. त्या माणसासाठी हे कलम कडक केलं आणि त्या माणसासाठी ते ठीकच होतं. पुढे सीडी आली तेव्हा आपल्या तियात्रवाल्यांनीही, म्हणजे कोकणी संगीत नाटकवाल्यांनीही, हा मार खाल्लाय, खरी सीडी दुकानात पोचायच्या आधी कॉपी रस्त्यावर. त्यांची बाजू घ्यायला मी एका पायावर तयार आहे. घाऊक कॉप्या काढून विकणारा माणूस हा चोरच, त्याला आत टाका.

पण कलमाच्या शब्दात 'घाऊक' कुठेच नाही. जागतिक व्यापार संघटनेचा (डब्ल्यूटीओ) बौद्धिक संपदेवरचा ट्रिप्स करार आहे, त्यात कलम ६१ आहे, त्यात देशांना सांगितलंय की मुद्दाम आणि व्यापारी प्रमाणावर केलेल्या पायरसीला तरी फौजदारी शिक्षा ठेवाच. किमान एवढं करा, म्हणून. आपण त्याच्या खूप पुढे गेलो. आपल्याकडे एक कॉपी काढणारा आणि एक लाख कॉप्या काढणारा एकाच कलमात. हो, एक सवलत आहे, धंद्यात फायद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारणं लिहून ६ महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. पण ही सवलत कधी मिळते? निकालाच्या दिवशी. एफआयआर पहिल्या दिवशी होतो. मधली आठ वर्षं तारखांची. तुम्ही फायद्यासाठी केलं की नाही हे जज शेवटी बघणार, तोपर्यंत पासपोर्ट रिन्यू करायचा तर 'गुन्हा प्रलंबित आहे का' त्या रकान्यात हो लिहा, आणि आपल्या गोव्यात पासपोर्ट हा किती नाजूक विषय आहे ते मी सांगायला नको.

२०२२ पर्यंत एक वाद तरी होता की हा गुन्हा दखलपात्र आहे की नाही, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात की नाही. काही हायकोर्टं हो म्हणायची, काही नाही. २० मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने निट प्रो इंटरनॅशनल विरुद्ध दिल्ली राज्य या केसमध्ये सांगून टाकलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र पण आहे आणि अजामीनपात्र पण. कारण काय, तर शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाते, आणि फौजदारी प्रक्रियेच्या तक्त्यात ३ वर्षांपासून ७ पर्यंतचे गुन्हे त्या खणात बसतात. कोर्टाने तक्ता वाचला आणि सांगितलं, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण परिणाम बघा. एका आकड्यामुळे, तेही 'पर्यंत' मधल्या आकड्यामुळे, झेरॉक्सवाला, लग्नातला साउंडवाला, हौशी दिग्दर्शक सगळे वॉरंटशिवाय अटक होऊ शकणाऱ्या रांगेत. कोणी म्हणेल ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी असं सुप्रीम कोर्टानेच २०१४ मध्ये अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय. सांगितलंय खरं. पण ज्याने कधी पोलीस स्टेशनची पायरी चढली नाही त्याला ती नोटीस हातात मिळाल्यावर अर्नेश कुमार आठवत नाही, बायकोचं मंगळसूत्र आठवतं.

आता तुलनेला दुसरे गुन्हे घेऊ. साधी चोरी, समजा माझी स्कूटर कोणी नेली. जास्तीत जास्त ३ वर्षं, पहिल्या वेळी किमान शिक्षा नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत तर पहिल्यांदाच सापडलेल्याने ५ हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरली आणि परत केली तर समाजसेवा करून सुटका. बेदरकार गाडी चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला तर कलम २८१, जास्तीत जास्त ६ महिने किंवा १ हजार दंड किंवा दोन्ही. म्हणजे आपल्या हायवेवर जे रोज चाललंय त्याची वरची हद्द ६ महिने आणि माझं नाटक चोरण्याची खालची हद्द ६ महिने. मी माझ्या नाटकावर प्रेम करतो पण इतकं नाही.

माझा मावसभाऊ म्हापशाजवळ साउंडचं काम करतो, लग्नं, मुंजी, चवथीचा कार्यक्रम, सगळं. त्याच्यावरून मला या विषयाची दुसरी बाजू कळली. लग्नात रेकॉर्ड वाजवायला लायसन लागतं की नाही? त्याच कलम ५२ मध्ये लिहिलंय की खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणी वाजवणं हा भंग नाही, आणि खाली स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळे धरलेत. वाचून वाटतं की संपला विषय. पण मग संगीत? हळद? बीचवर दिल्लीच्या पार्टीने केलेलं तीन दिवसांचं लग्न, ज्यात फेरे पाऊण तास आणि डीजे अठरा तास? तिथे 'लग्नाशी जोडलेलं' कुठे संपतं आणि इव्हेंट कुठे सुरू होतो? गाण्यांचे हक्क असलेल्या कंपन्या म्हणतात पैसे भरा, हॉलवाले म्हणतात एनओसी आणा, साउंडवाला मध्ये लटकलेला.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये नोटीस काढून सांगितलं की लग्नासाठी पैसे मागू नका. मग २०२४ च्या सुरुवातीला आपल्या गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला की आता लग्नात पण पैसे भरावे लागणार. तसं नाहीये. कायद्यातलं कलम होतं तसंच आहे, फक्त त्याचा अर्थ सरकारी परिपत्रकाने ठरवता येत नाही. आणि ते बरोबरच आहे म्हणा, उद्या कुठलंही सरकार परिपत्रक काढून कायदा वाकवायला लागलं तर अवघड होईल. मात्र याचा सरळ अर्थ हा की कुठला समारंभ सवलतीत बसतो ते प्रत्येक वेळी कोर्टातच ठरणार.

माझं म्हणणं नेमकं इथे येतं. ज्या कायद्यात 'हे चालतं की नाही' हेच कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही, तिथे तुरुंग बसवायचा नसतो. खुनात तसं नाही, दरोड्यात तसं नाही, करणाऱ्याला करताना माहीत असतं. कॉपीराइटमध्ये हायकोर्टांचं आपापसात जमत नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपीवाल्याची केस आठवा, परदेशी प्रकाशकांनी त्याला कोर्टात खेचलं होतं, विद्यार्थ्यांना पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून झेरॉक्स देतो म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ठरवलं की शिकवण्यासाठीची ही सूट कायद्यात आहे. ती दिवाणी केस होती. म्हणून तो दुकानदार आणि विद्यापीठ लढू शकले, कायद्याचा अर्थ स्पष्ट झाला, देशभरच्या पोरांचा फायदा झाला. समजा पहिल्याच दिवशी एफआयआर करून मशिनं उचलली असती? तो माणूस दुसऱ्या दिवशी पाया पडून मोकळा झाला असता आणि तो निकाल आलाच नसता.

हेच माझ्या भावाचं होतं. तो म्हणतो मला कायदा समजावू नको, मला सांग मिक्सर उचलला तर काय. कारण कलम ६४ प्रमाणे पीएसआय दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय कॉप्या आणि त्या काढायची साधनं जप्त करू शकतो. आता लॅपटॉप हे साधन आहे की नाही यावर वकील दिवसभर भांडू शकतील, पण रात्री साडेदहाला लॉनवर ते भांडण कोण करणार? सोडवायला मॅजिस्ट्रेटकडे १५ दिवसांत अर्ज करायचा, मग तारीख. तुळशीचं लग्न झालं की याचा सीझन सुरू, मेपर्यंत धंदा, जूनला सगळं प्लास्टिक घालून बंद. मुद्देमाल म्हणून तीन महिने सामान अडकलं तर वर्ष गेलं. त्यामुळे कागद घेऊन कोणी आला की तो विचारत नाही की तुमचा हक्क कुठला, कुठल्या गाण्यावर, हे लग्न सवलतीत बसतं की नाही. तो विचारतो किती. आणि देतो. मग ते पैसे ज्याने ते गाणं लिहिलं त्याच्यापर्यंत पोचतात का, हे मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगावं.

पोलिसांची पण कीव येते हो. एका बाजूला घरफोड्या, ड्रग्ज, टुरिस्टांची भांडणं, आणि त्यात पीएसआयने ठरवायचं की या गाण्याचे पब्लिक परफॉर्मन्सचे हक्क कोणाकडून कोणाकडे गेले, करारात तारीख कुठली, हा समारंभ 'बोनाफाइड' आहे की नाही. आम्ही लिहिणारे लोकसुद्धा यात गोंधळतो. लेखक जाऊन ६० वर्षं झाली की हक्क संपतात, म्हणजे १९१९ मध्ये गेलेल्या गडकऱ्यांची नाटकं कधीच सगळ्यांची झाली, पण हे सुद्धा किती मंडळांना माहीत आहे? जिथे काही लागत नाही तिथे परवानगी मागतात आणि जिथे जिवंत माणूस फोंड्यात बसलाय तिथे विचारत नाहीत.

वर अजून एक गंमत. समजा मी तक्रार केली असती, आणि नंतर तो दिग्दर्शक घरी येऊन म्हणाला असता मास्तर चुकलं, आणि मी म्हटलं असतं जाऊ दे. तरी केस संपत नाही. हा गुन्हा तडजोडपात्र नाहीये, कायद्यात तशी सोयच ठेवलेली नाही. दोघांनी मिळून पर्वरीला हायकोर्टात अर्ज करायचा की आमचं मिटलंय, एफआयआर रद्द करा. नारळ देऊन मिटणारं भांडण, आणि त्याला हायकोर्टाचे दोन वकील.

आता माझ्याच बाजूचे, म्हणजे लेखक मित्र, यावर चिडतात, आणि त्यांचा मुद्दा हलका नाहीये. ते म्हणतात दिवाणी दावा करायचा कोणी? कोर्ट फी, वकील, पाच-सात वर्षं, आणि शेवटी नुकसानभरपाई किती, तर एका हौशी प्रयोगाचं मानधन. आमच्या हातात तेवढी एक काठी आहे, कलम ६३ ची, ती पण काढून घेतोस? एकाने तर मला तोंडावर सांगितलं की तुला परवडतं रे, तुझा पगार चालू आहे.

मान्य. पण ही काठी खरंच आपल्या हातात आहे का? मी किती लेखकांना ओळखतो ज्यांनी या कलमाखाली एफआयआर करून काही मिळवलं? एकही नाही. स्टेशनवर गेलो तर आधी ऐकवतील 'हें सिव्हिल मॅटर'. ही काठी चालते ती ज्यांच्याकडे वकिलांची फौज आणि वसुलीची माणसं आहेत त्यांच्या हातात. आमच्या नावावर ठेवलेली, वापरणारे दुसरे.

आणि दिवाणी रस्ता लांब आहे तर तो जवळ करा ना. ब्रिटनमध्ये २०१२ पासून बौद्धिक संपदेच्या कोर्टात छोट्या दाव्यांची वेगळी खिडकी आहे, १० हजार पौंडांपर्यंतची भरपाई तिथे वकिलाशिवाय मागता येते. अमेरिकेने २०२२ मध्ये कॉपीराइट क्लेम्स बोर्ड सुरू केलं, ३० हजार डॉलरपर्यंतचे दावे, बहुतेक सगळं ऑनलाइन. आपल्याकडे ग्राहक मंचात बिघडलेल्या फ्रिजसाठी माणूस स्वतः उभा राहून भांडू शकतो, मग चोरलेल्या एकांकिकेसाठी का नाही? आपल्या कायद्यात एक चांगली गोष्ट आधीच आहे, लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा कोर्टात दावा करता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही. त्याच्यावर एक साधी, स्वस्त, तीन महिन्यांत संपणारी सोय बांधायला काय हरकत आहे. मला त्या रात्री काय हवं होतं? नाव, माफी, आणि दोन-तीन हजार मानधन. यातलं एकही तुरुंगातून येत नाही.

सिनेमाचं उदाहरण मुद्दाम देतो कारण तिथे सरकारने निदान नेम धरून गोळी मारली. २०२३ ची सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती, थिएटरमध्ये कॅमेरा लावून शूट करणाऱ्याला आणि ती कॉपी पुढे दाखवणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं, दंड ३ लाखांपासून पिक्चरच्या ऑडिट केलेल्या खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. कडक आहे, पण काय केलं की आत जाणार ते शेंबड्या पोराला पण कळतं. थिएटरमध्ये रेकॉर्डिंग. बस. गंमत म्हणजे त्याच वर्षी जनविश्वास कायदा आणून सरकारने ४२ कायद्यांतली बारीकसारीक गुन्ह्यांची कैद काढून टाकली किंवा कमी केली, धंदा करणाऱ्याला उगाच तुरुंगाची भीती नको म्हणून. कलम ६३ तसंच राहिलं. साउंडवाला धंदा करत नाही काय?

माझ्या हातात असतं तर कलम ६३ मध्ये 'व्यापारी प्रमाणावर' हे दोन शब्द घातले असते, किमान ६ महिन्यांचा आकडा उडवला असता, आणि बाकी सगळ्यांसाठी गुन्हा जामीनपात्र आणि तडजोडपात्र केला असता. कॉप्यांचा कारखाना चालवणारा, टेलिग्रामवर चॅनल काढून पैसे घेऊन नवे पिक्चर वाटणारा, तो राहू दे आत, त्याच्याबद्दल मला काही वाटत नाही. देवळापुढे नाटक करणारा आणि लग्नात गाणं लावणारा यांच्यासाठी दंड, भरपाई, माफी, काय ते करा.

त्या मंडळाला मी शेवटी एक पत्र पाठवलं, साधं, पोस्टाने. धमकी नाही, फक्त नाटकाचं खरं नाव, माझं नाव, आणि तिसऱ्या पानावरच्या चहाच्या डागाचा उल्लेख. महिनाभर काही नाही. मग एका रविवारी तो लेखक-दिग्दर्शक आला, सोबत तो प्रॉम्प्टर पोरगा, काजूची अर्धा किलोची पिशवी आणि पाकिटात एक हजार एक रुपये. बसला, चहा घेतला, म्हणाला मला झेरॉक्स मिळाली तेव्हाच पहिलं पान नव्हतं. खरं खोटं देवाला माहीत. पण मग हँडबिलवर लेखक म्हणून स्वतःचं नाव का टाकलं, तर म्हणाला, "जागा मोकळी दिसत होती मास्तर, बरं दिसेना."

यंदा त्यांनी माझं दुसरं नाटक केलं, विचारून. हँडबिल पाठवलं व्हॉट्सॲपवर. नाव आहे, साउंडवाल्याच्या खाली, आणि आडनावात एक काना कमी.